मला उचललं त्या दिवसापासून

हे मी उजव्या हाताच्या मधल्या बोटाने लिहिते आहे. बाकीची चार हजर असतात, काम करत नाहीत. तीस वर्षं विद्यापीठात इतिहास शिकवल्यामुळे हे दृश्य मला नवं नाही. एका परिच्छेदाला अर्धा तास लागतो, मध्ये मानेला विसावा द्यावा लागतो. पाल्हाळ लावायला दहा बोटं लागतात, तेव्हा ती भीती बाळगू नका.

मानेला मार लागून हातपाय गेलेल्या, किंवा गेलेले अर्धेमुर्धे परत आलेल्या माणसांसाठी आणि त्यांना उचलणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मी पडून होते तेव्हा लोकांनी मला दोन प्रकारची पुस्तकं आणून दिली. एका प्रकारात आकृत्या होत्या, दुसऱ्यात जिद्द होती. जिद्दीच्या पुस्तकांत कुणालाही दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागत नाही.

सत्कार

चंदिगढमध्ये आमची साठेक मराठी कुटुंबं आहेत. डॉक्टर, संशोधक, प्राध्यापक आणि फौजी. वर्षातून एकदा एखाद्या सेक्टरचं कम्युनिटी सेंटर घेऊन आम्ही एकत्र जेवतो. जेवणाआधी कुणाचा तरी सत्कार करावा लागतो, नाहीतर जमल्यासारखं वाटत नाही. मी निवृत्त झाले त्या वर्षी माझा नंबर लागला. मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा कळलं की शाल आणून झाली आहे.

स्टेज म्हणजे जोडून ठेवलेली सहा टेबलं आणि त्यांच्यावर अंथरलेला लाल गालिचा. गालिचा टेबलांपेक्षा मोठा होता. शाल झाली, नारळ झाला, फोटोग्राफर म्हणाला, "मैडम, थोड़ा पीछे." मी थोडी मागे झाले. मागे गालिचा होता, टेबल नव्हतं.

पडताना डोकं मागच्या खुर्चीच्या पाठीवर आपटलं. हनुवटी आढ्याकडे गेली आणि मानेत काहीतरी कचकन वाजलं. मग मी भिंत आणि टेबलं यांच्या मधल्या जागेत उताणी पडले होते. वरून चेहरे बघत होते. पैठणी गुडघ्यांच्या वर गेली होती. मी उजव्या हाताने निऱ्या पकडून ती खाली ओढली. हात उचलला गेला, बोटं मिटली, कापड पकडलं गेलं. पुढच्या सगळ्या हकिकतीत हा हात आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

"मॅडमला हलवू नका हो! मान धरा आधी, कुणीतरी मान धरा!" असं ओरडत होती ती कांचन शेळके. बीडकडची, पन्नाशीची. एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत वीस वर्षं नर्स आहे. पण त्या दिवशी तिने ॲप्रन बांधला होता आणि हातात भाताचा डाव होता, आणि आमच्यातले निम्मे लोक तिला मसालेभात छान करणारी म्हणूनच ओळखायचे. हॉलमध्ये तीन डॉक्टर होते. एक त्वचेचे, एक पॅथॉलॉजीचे, तिसरे उंदरांवर काहीतरी संशोधन करतात. पहिल्या दोघांनी तिसऱ्यांकडे पाहिलं. कर्नल भोसले म्हणाले, "हवा येऊ द्या." कुणीतरी पाणी आणलं.

सुधीर, माझा नवरा, शेजारी गुडघ्यांवर बसला. आम्ही कॉलेजपासून एकमेकांना नावानेच हाक मारतो. तो हवाई दलातून निवृत्त झालेला. विमानात माल कसा चढवायचा आणि कसा बांधायचा हे बघण्यात त्याची नोकरी गेली. त्याने मला हात लावला नाही. म्हणाला, "कांचनबाई काय म्हणतायत ते ऐकू या. अँब्युलन्स येऊ दे."

मी म्हटलं, "सुधीर, उठव मला आधी."

"थांब जरा."

"सगळे बघतायत. उठव म्हणते ना."

त्याने काखांत हात घातले, कर्नलांनी पाय धरले. मला उचलून प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीला पांढरं कव्हर होतं आणि मागे सॅटिनची गाठ. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबायच्या आत दोन्ही हात मिरच्या चोळल्यासारखे पेटले. मग विझले, आणि मग नव्हतेच.

जन्मभर मी शाली आणि स्टेज यांची टिंगल केली. स्टेजमागे जमिनीवर पाच मिनिटं पडून राहणं मात्र मला जमलं नाही.

पुढची सीट

अँब्युलन्स यायला वेळ लागेल असं ठरवून मला कर्नलांच्या मोठ्या गाडीत नेलं. चांगला मान म्हणून पुढच्या सीटवर बसवलं, आणि बेल्ट लावला. चंदिगढमध्ये चौकाचौकात कॅमेरे आहेत, इथे मरायला टेकलेला माणूससुद्धा बेल्ट लावून जातो.

कांचन न विचारता मागे बसली. सीटच्या मागून तिने दोन्ही तळवे माझ्या कानांवर ठेवले आणि डोकं धरलं. हॉस्पिटल येईपर्यंत, प्रत्येक गोल चौकाला वळसा घेताना, तिने ते सोडलं नाही. तिच्या हातांना तूप आणि गोडा मसाला यांचा वास होता.

"मॅडम, बोलत राहा. पण नाही म्हणायचं असलं तर तोंडानं म्हणा. मान नाही हलवायची."

"मला हात वाटत नाहीयेत, कांचन."

"हं," ती म्हणाली. त्या एका हुंकाराने मला सगळं कळलं. तरी भीती वाटली नाही. भीती वाटायला हवी, असं फक्त वाटलं.

इमर्जन्सीच्या दारात ट्रॉलीवाल्याने गाडीत डोकावलं आणि त्याचा चेहरा बदलला. "ओ जी, इनको बिठा के लाए हो? उठाया किसने?"

सुधीरने हात वर केला. वर्गातल्या मुलासारखा, कोपरातून. "मैंने."

मग पाच माणसं आली. मानेला पट्टा लागला, पाठीमागे फळी सरकली. कांचनच्या हातातून माझं डोकं दुसऱ्या एका माणसाच्या हातात गेलं. तो म्हणाला, "मैंने ले लिया." तेव्हाच तिने सोडलं. एखादी किल्ली सोपवावी तसं. कुणी घाई केली नाही, कुणी हिसका दिला नाही. सुधीर बाजूला उभा राहून बघत होता. आयुष्यभर त्याने खोक्यांवर 'ही बाजू वर' असं लिहिलेलं असतानाच ती उचलली होती.

पिन

निदान झालं तो दिवस मला पांढऱ्या रंगाचा आठवतो. छतावर चौकोनी फळ्या होत्या, लांबीत अकरा, रुंदीत किती ते मान न वळवता दिसत नव्हतं.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाचा होता. त्याने पिन घेतली आणि डोळे मिटायला सांगितले. पिनचं टोक लावलं की म्हणायचं 'तीखा', बोथट बाजू लावली की 'भोथरा'. गालावर तीखा. खांद्यावर तीखा. दंडावर भोथरा. मग बराच वेळ तो काहीच करत नाहीये असं मला वाटलं. मी डोळे उघडले. तो माझ्या तळहातावर पिन टोचत होता.

त्याने हिंदीत, सावकाश आणि चांगलं सांगितलं. वयाने मानेतल्या मणक्यांची पोकळी माझी आधीच अरुंद झाली होती. डोकं मागे गेलं तेव्हा मज्जारज्जू आत चेमटला. पायांना कमी, हातांना जास्त. आधी सूज उतरू द्यायची, शस्त्रक्रियेचं नंतर बघायचं. पाय आधी परत येतील, हात मागून, बोटं सगळ्यात शेवटी. किती येतील ते आज सांगता येत नाही.

"लिखती हूँ मैं," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. जणू लिहिणाऱ्यांसाठी वेगळी रांग असते.

मग त्याने विचारलं, "मैडम, एक बात. गिरने के फ़ौरन बाद, उठाने से पहले, हाथ हिल रहे थे?"

खोलीत सुधीर होता. इरा, आमची मुलगी, झिरकपूरहून धावत आली होती, ऑफिसचं ओळखपत्र अजून गळ्यात. दोघं माझ्याकडे बघत होते.

"याद नहीं," मी म्हटलं.

आठवत नाही

इतिहासाच्या माणसाला हे शोभणारं नाही, पण मी पुरावा दडवला. आणि कुणासाठी दडवला हे मला बरेच दिवस नीट सांगता आलं नसतं. हात हलत होते म्हटलं असतं तर हात उचलण्यामुळे गेले असा अर्थ झाला असता, आणि उचललं सुधीरने. हे झालं वरवरचं कारण, त्यात मी बरी दिसते. खालचं कारण असं की उचलायला सांगितलं मी. ते कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

इराने बापाला धारेवर धरलं. मराठी तिला सगळं कळतं, पण रागावली की ती हिंदीतच रागावते.

"पापा, कांचन आंटी चिल्ला रही थीं ना? आप फौजी हो यार, आपको इतना नहीं पता?"

"पता था," सुधीर म्हणाला.

"तो फिर?"

"गलती हो गई."

मी दोन फुटांवर पडले होते. जीभ चांगली चालत होती, मेंदूला धक्का लागलेला नव्हता. मी छताच्या फळ्या मोजल्या. आतून काहीच हललं नाही. त्या दिवसांतलं सगळ्यात विचित्र हेच होतं. बधिरपणा हातांतून सुरू झाला आणि कुठे थांबायचं ते त्याला कळलं नाही. इरा रडली तर मला दिसायचं की ती रडते आहे. जसं खिडकीतून दिसतं, तसं.

एवढं मात्र माझ्या लक्षात यायला लागलं की सुधीर मला हात लावत नाही. तो दिवसभर असायचा. औषधांचा तक्ता करायचा, रिपोर्ट क्रमाने लावायचा, सेक्टर १७ मधून हव्या त्या वस्तू आणायचा. नाकाला खाज सुटली आणि मी सांगितलं, तर नर्सला बोलवायचा. नाक माझं, नवरा माझा, आणि खाजवायला सिस्टर. इरा असली की ती पटकन खाजवायची. ज्याचे हात चालतात त्याला कळणार नाही, पण त्या दिवसांत मला याहून मोठी चैन ठाऊक नव्हती.

कांचन ड्यूटी संपल्यावर यायची. माझी नखं कापायची, कारण वाढलेली नखं मला टोचली तरी कळलं नसतं. एकदा कापता कापता म्हणाली, "मी डाव खाली ठेवायला पाहिजे होता, मॅडम. डाव हातात असल्यावर कोण ऐकतंय? इमर्जन्सीत मी एका हाकेत चार माणसं थांबवते."

म्हणजे तीही वाटेकरी होती. मागून कळलं की कर्नल भोसले देवळात नवस बोलले होते. गालिचा आणणाऱ्याने फोन करून माफी मागितली. एका बाईच्या पडण्यात इतक्या लोकांना दोष हवा होता, आणि जिचा खरा होता ती छत मोजत होती.

गिनती

आता हॉस्पिटलच्या दिवसाबद्दल. दर दोन तासांनी मला वळवायचे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. याला तिथे 'लॉग रोल' म्हणतात. लॉग म्हणजे ओंडका. मान, पाठ आणि कंबर एका रेषेत ठेवून सगळं एकदम वळवायचं. चार माणसं लागतात. एक डोक्याशी, दोन बाजूला, एक पाठ बघायला.

डोक्याशी असायची बलजीत कौर. ती नर्स नव्हती, वॉर्ड अटेंडंट होती. मनीमाजऱ्याहून बसने यायची, दणकट, केसांत मेंदी. पहिल्याच दिवशी तिने मला 'माताजी' म्हटलं.

"मैडम कहिए," मी म्हटलं. पाठीवर उताणं पडून हे म्हणायला बराच अहंकार लागतो.

"मैडम तो यहाँ बहुत हैं जी," ती म्हणाली. "पर चलो. मैडम."

तिचा एकच नियम होता. सिर जिसके पास, गिनती उसकी. ती तळवे माझ्या खांद्यांखाली घालायची, दोन्ही हातांच्या मध्ये डोकं धरायची आणि सगळ्यांना बजावायची, "तीन पे. तीन के बाद नहीं, तीन पे." हे ती दर दोन तासांनी, त्याच माणसांना, पहिल्यांदा सांगतेय अशा गंभीरपणे सांगायची. मला ते हास्यास्पद वाटायचं. मग एकदा एक नवा मुलगा 'तीन'नंतर उचलायच्या बेताने उभा राहिला आणि माझे खांदे गेले, कंबर मागे राहिली. त्यानंतर मला ते हास्यास्पद वाटलं नाही. घरी कुणाला उचलत असाल तर एवढं एक बोलून घ्या. दोघांचा 'तीन' एकच आहे का.

एकदा सकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले. त्यांच्यामागे ज्येष्ठतेच्या क्रमाने आठ-नऊ जण. विद्यापीठात मी पदवीदानाच्या मिरवणुका पाहिल्या आहेत, झग्याच्या काठाच्या रंगावरून कोण पुढे चालणार यावर भांडणं पाहिली आहेत. ही मिरवणूक त्याच घराण्यातली होती. मोठ्या डॉक्टरांना माझी पाठ बघायची होती. बलजीत नुकती डोक्याशी येऊन उभी राहिली होती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चलो, टर्न करो."

"सर जी, रुको," बलजीत म्हणाली. "गिनती मैं करूँगी."

आठ-नऊ जणांनी जमिनीकडे पाहिलं असणार. मी बघू शकत होते फक्त बलजीतची हनुवटी, उलटी. ती हलली नाही.

डॉक्टरांनी हात काढला. दोन पावलं सरकून कमरेपाशी आले, दोन्ही हात बरोबर जागी ठेवले आणि म्हणाले, "हाँ जी. आप बोलो."

"तीन पे," बलजीत म्हणाली. "एक. दो. तीन."

भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि मला रडू आलं. अपघातानंतर पहिल्यांदा. आनंदाने नव्हे. कांचनच्या हातात डाव होता आणि तिचं कुणी ऐकलं नाही, हे मला माहीत होतं. तिचं ऐकायला एक माणूस तयार होता, गुडघ्यांवर बसला होता, 'थांब जरा' म्हणाला होता. त्याला मी थांबू दिलं नव्हतं.

घरी जायचं तर

पाय खरंच आधी आले. पाचव्या आठवड्यात मी टेकून बसायला लागले, मग आधाराने दोन-चार क्षण उभी. हात कोपरापर्यंत माझे होते, पुढे कुणाचे होते माहीत नाही. शस्त्रक्रिया टळली. फिजिओथेरपिस्ट नेहा, शिमल्याकडची, फार थोडं हसणारी, एक दिवस म्हणाली की आता घरी जाता येईल, पण एका अटीवर. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर न्यायला घरातल्या माणसाने शिकलं पाहिजे. दिवसातून आठ-दहा वेळा लागेल. शिकलेलं माणूस घरात नसेल तर इथून थेट पुनर्वसन केंद्रात, आणि तिथे कितीही महिने.

"हम ट्रेन्ड अटेंडंट रख लेंगे," सुधीर म्हणाला.

"रखिए. पर वो छुट्टी पे गई तो? मैडम को बाथरूम जाना हो तो?"

"दो रख लेंगे."

त्याने घरी सगळी तयारी केली होती. वरखाली होणारा पलंग आणला, संडासात दांडे बसवले, उंबरा फोडून काढला. फक्त शिकायला तो उभा राहत नव्हता. इरा शिकली, पण तिला ऑफिस होतं आणि झिरकपूरचा ट्रॅफिक होता. नेहा उठवताना कमरेला बांधायचा पट्टा पुढे करायची आणि सुधीरला कुणाचा तरी फोन यायचा. सहा दिवस असे गेले. सातव्या दिवशी पुनर्वसन केंद्राचा फॉर्म माझ्या उशाशी आला, सुधीरच्या सुवाच्य अक्षरात अर्धा भरलेला.

दुपारची वेळ होती, शेजारचा पलंग रिकामा. मी म्हटलं, "सुधीर, बस. तो फॉर्म खाली ठेव."

तो बसला.

"मला घरी यायचंय."

"माझ्या हातून नको," तो म्हणाला. "एकदा झालं ते पुरे."

"तुझ्या हातून काही झालं नाही. मी सांगितलं म्हणून तू उचललंस. दोनदा सांगितलं. तू थांब म्हणाला होतास."

तो खिडकीकडे वळला.

"आणि दुसरं. त्या डॉक्टरला मी खोटं सांगितलं. हात हलत होता माझा. मी साडी..."

"ओढलीस," तो म्हणाला. "उजव्या हाताने. माहितेय. मी तिथेच होतो ना."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तो खिडकीबाहेर बघत बोलत होता. "तू आठवत नाही म्हणालीस तेव्हा मला वाटलं, मला वाचवायला म्हणालीस. मग मीही गप्प बसलो. बरं वाटलं मला, खरं सांगायचं तर. नंतर नाही वाटलं."

"स्वतःला वाचवायला म्हटलं मी."

"असेल," तो म्हणाला. "पण उचललं मी. तू सांगितलंस, कांचनबाई नको म्हणत होत्या. दोघींपैकी कुणाचं ऐकायचं ते मी ठरवलं. एवढी वर्षं तुझं ऐकत आलोय, म्हणून ठरवलं. तुला लाज वाटत होती ते मला बघवलं नाही."

नंतर आम्ही त्या तरुण डॉक्टरला बोलावून खरं सांगितलं. मला वाटलं होतं आता निकाल लागेल. त्याने नीट ऐकलं, कागदावर नोंद केली आणि म्हणाला, कदाचित उचलल्यामुळे, कदाचित नाही. कधी कधी सूज चढते तसे पडल्यापासून थोड्या वेळाने हात जातात. न उचलता गेले नसते असं मी म्हणू शकत नाही, गेले असते असंही नाही. उचलायला मात्र नको होतं. हे वाक्य त्याने सौम्य केलं नाही.

म्हणजे आम्हाला कायमचं माहीत नाही. हे मी बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. ज्यांच्या घरी असं घडलं आहे त्यांनाही बहुधा निकाल मिळणार नाही, हे आधी कळलेलं बरं.

पट्टा

दुसऱ्या दिवशी सकाळी सुधीर बाह्या दुमडून आला. नेहाने माझ्या कमरेला रुंद पट्टा बांधला. मदतीला बलजीत होती.

मला पलंगाच्या कडेला बसवलं, पाय जमिनीवर. व्हीलचेअर तिरपी लावली, ब्रेक लावले. "ब्रेक देखे?" नेहाने विचारलं. सुधीरने तीनदा पाहिले. तो माझ्यासमोर आला, गुडघे वाकवले, त्याचे गुडघे माझ्या गुडघ्यांना टेकवले. मग हात मागे नेऊन पट्टा धरायचा होता. हात अर्ध्यावर थांबले.

"बगल में नहीं डालना हाथ," नेहा म्हणाली. तिला काय माहीत होतं कोण जाणे. "कभी नहीं. पट्टा पकड़िए. उठाना नहीं है सर, उठना इनको है. आपको साथ देना है."

त्याने पट्टा धरला. अपघातानंतर इतक्या जवळून त्याचा चेहरा मी पाहिला नव्हता. दाढी करताना गालाची एक बाजू राहून गेली होती.

"इनके हाथ?" त्याने विचारलं.

"गर्दन पे नहीं. कंधों पे."

बलजीतने माझे दोन्ही हात एकेक करून उचलले आणि त्याच्या खांद्यांवर ठेवले. मग ती बाजूला झाली. मी गिनतीची वाट बघत राहिले. सुधीरही तिच्याकडे बघत होता.

"मेरी तरफ क्या देख रहे हो?" बलजीत म्हणाली. "सिर अब इनके अपने पास है. गिनती ये करेंगी."

मी म्हटलं, "तीनवर. तीननंतर नाही."

"तीनवर," सुधीर म्हणाला.

"एक. दोन."

आणि मी थांबले. ठरवून नाही, पाय तयार नव्हते. दोनवर मी बराच वेळ थांबले असेन, कारण बलजीतने मागे काहीतरी पुटपुटलं. सुधीरचे दंड ताणलेले होते, कपाळावर घाम आला होता. तो हलला नाही. मी काही सांगितलं नाही, त्याने काही विचारलं नाही. तो वाकलेल्या गुडघ्यांवर उभा राहिला आणि वाट बघत राहिला.

"तीन."

मी उभी राहिले. तो माझ्याबरोबर वर आला. आम्ही दोघं एकदम एक पाऊल वळलो आणि खुर्ची माझ्या मागे आली. बसायच्या आधी एक क्षण मी खाली पाहिलं. माझे हात त्याच्या खांद्यांवर होते. मला दिसत होते. शर्ट कसा आहे, खांदा गरम आहे की नाही, मला काही कळत नव्हतं.

"हात जड लागतायत का रे?" मी विचारलं.

"लागतायत," तो म्हणाला. "राहू देत."